मोटारीची तहान

साकीनाक्याच्या आसपास ज्यांचें वास्तव्य आहे, किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्यानें ज्यांस नित्य जावें-यावें लागतें, त्यांस एक दृश्य अपरिचित नसेल. रस्त्याच्या कडेस एक मोटार उभी असते; तिचें झांकण उघडें असतें; आंतून वाफेचा लोट निघत असतो; आणि शेजारीं तिचा धनी हातांत पाण्याची बाटली घेऊन विवंचनेंत उभा असतो. आज या वाफेचा थोडा इतिहास आपणांपुढें मांडावयाचा आहे. अडतीस वर्षें मीं मुलांना राजांच्या लढाया शिकविल्या. परंतु यंत्राच्या तहानेलाही इतिहास असतो, हें मला फार उशिरां आणि स्वतःच्या पैशानें शिकावें लागलें.

मोटारीचें यंत्र आंतील स्फोटांच्या बळावर चालतें. पेट्रोलच्या ज्वलनांतून जी उष्णता निर्माण होते, तिचा सामान्यतः एक-तृतीयांशाच्या आसपासच भाग कामीं येतो. मोठा हिस्सा धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेल्या उष्णतेची विल्हेवाट मुख्यतः पाण्यास लावावी लागते. ती लागली नाहीं तर धातु फुगतो, वंगण जळतें आणि दट्ट्या जागच्या जागीं अडकून बसतो.

१८८६ सालीं जर्मनींत कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट मिळविलें. त्या गाडींतील पाणी उकळून वाफेच्या रूपानें निघून जाई, आणि पुन्हां भरावें लागे. १८८८ सालीं त्याची पत्नी बर्था ही दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला मोटारीनें गेली. त्या प्रवासांत तिला वाटेंत जागोजाग पाणी भरून घ्यावें लागलें. या तहानेवर खरा तोडगा निघाला तो १९०१ सालच्या मर्सिडीज गाडींत. विल्हेल्म मायबाख यानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यांत आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा व त्यांच्या भोंवतीं पाणी, अशी ती रचना होती. थोडें पाणी पुष्कळ वाऱ्यास भेटूं लागलें, आणि तेंच पाणी पुन्हां पुन्हां उपयोगी पडूं लागलें.

पुढें १९०८ ते १९२७ पर्यंत अमेरिकेंत फोर्डची सुप्रसिद्ध ‘टी’ गाडी निघाली. अगदीं आरंभींच्या कांहीं गाड्या सोडल्या तर तिच्यांत पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें व निवालेलें पाणी जड होऊन खालीं उतरतें, या चुलीवरील पातेल्याच्या न्यायानें तिचें काम चाले. पुढील यंत्रें अधिक जोरकस झालीं, तेव्हां पंप आला. पाण्याची वाट योग्य वेळीं उघडणारा थर्मोस्टॅट आला. दाब धरून ठेवणारें झांकण आलें. दाब वाढला कीं पाणी शंभर अंशांवरही उकळत नाहीं, हें आपल्या घरांतील प्रेशर कुकरच्या उलाढालीवरून गृहिणींस ठाऊकच आहे. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रत्येक नव्या भागानें एक अडचण दूर केली, आणि त्याचबरोबर बिघडण्यास एक नवी जागाही निर्माण केली.

आपल्या महाराष्ट्रांत या व्यवस्थेची परीक्षा पाहिली ती बोरघाटानें. या घाटांतून वाहनांचा रस्ता १८३० सालीं खुला झाला, तो बैलगाड्यांसाठीं. मोटार आल्यावर त्याच चढणीनें तिचा घाम काढला. चढावर यंत्रास श्रम अधिक आणि वेग कमी. म्हणजे उष्णता वाढते आणि वारा घटतो. मागील पिढींतील लोक गाडींत पाण्याचा डबा घेतल्यावांचून खंडाळ्याकडे निघत नसत.

मोटार येथेंच घडविण्याचें स्वप्न पाहिलें तें सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिचा कारखाना आमच्या साकीनाक्याच्या शेजारींच, कुर्ल्यास उभा राहिला, आणि १९४७ सालीं तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें त्याच कारखान्यांतून फिआट गाडी निघाली. तिला मागाहून पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी कित्येक पिढ्यांनीं पाहिली. तिची टॅक्सी म्हणून अखेरची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत झाली, आणि टॅक्सीस वीस वर्षांची मुदत असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

या गाडीचा पंखा पट्ट्यानें यंत्रासच जोडलेला असे. यंत्र धांवे तेव्हां पंखा धांवे. गाडी रहदारींत खोळंबली कीं पंखाही मंदावे. म्हणजे वाऱ्याची गरज जेव्हां सर्वांत अधिक, तेव्हांच तो सर्वांत कमी. साकीनाक्याच्या चौकांत ही गाडी कां तापे, याचें निम्में उत्तर येथेंच आहे.

उरलेलें निम्में उत्तर मला माझ्याच गाडीनें दिलें. १९९८ सालीं मीं एक जुनी पद्मिनी विकत घेतली. शिक्षकाच्या मिळकतींत ती मोठीच चैन होती. पहिल्याच उन्हाळ्यांत रबरी नळी फुटली, ती बदलली. पावसाळ्यांत पंप गळूं लागला, तो बदलला. मग रेडिएटरची झाळ सुटली. तिला डाग दिला. पुढच्या वर्षीं पुन्हां नळी, पुन्हां पंप. एका गॅरेजवाल्यानें तर थर्मोस्टॅट काढूनच टाकला, आणि “आतां चिंता नको” म्हणून सांगितलें. शेवटीं हेडचें गॅसकेट जळालें, आणि मुलीच्या शुल्कासाठीं बाजूस ठेवलेले पैसे गाडीच्या पोटांत गेले. त्या दिवशीं घरांत कोणी मला एका शब्दानें बोललें नाहीं. तेंच अधिक लागलें.

साकीनाक्याच्या एका गाळ्यांत रेडिएटर झाळणारा एक कारागीर आहे, असें कोणी सांगितलें, म्हणून मी तेथें गेलों. पाहतों तों तो माझाच जुना विद्यार्थी. त्यानें हातांतील काम बाजूस ठेवून मला बसावयास स्टूल दिलें. माझें सारें गाऱ्हाणें ऐकून घेतलें, आणि एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, गाडींत पाणी कोठलें घालतां?”

मी म्हणालों, “अरे, आमच्या सोसायटीच्या बोअरचें. नळाचें पाणी पिण्यासच पुरत नाहीं.”

तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें रेडिएटर उतरविला, वरच्या टाकीची झाळ तापवून ती उघडली, आणि आंतील नळ्या मला दाखविल्या. आमच्या बंबाच्या बुडाशीं धरतें तसें पांढुरकें किटण त्यांत जमलें होतें, आणि त्यावर गंजाचा तांबडा गाळ बसला होता. निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. जड पाण्यांतील क्षार उष्णतेनें बाहेर पडून नळ्यांत बसतात. पाण्याची वाट अरुंद झाली कीं यंत्र तापतें. वाफेचा दाब मग रबरी नळी, झाळ व गॅसकेट यांपैकीं जें दुबळें असेल तें फोडतो, आणि किटणाची कच पंपाचें सील खाते. मी दर वेळीं फुटलेला भाग बदलीत होतों, आणि त्याच वेळीं वरून पुन्हां तेंच पाणी ओतीत होतों.

चपटी सळई घालून त्यानें एक एक नळी खरवडली. काम करतां करतां तो हंसून म्हणाला, “गुरुजी, पानिपतच्या पराभवाचीं पांच कारणें तुम्हीं विचारलीं होतीं. मीं एकच लिहिलें, छावणींतलें अन्न संपलें. तुम्हीं पांचांत एक गुण दिलात.”

मला तो पेपर आठवत नव्हता. परंतु गुण मींच दिला असणार, याविषयीं शंका नव्हती. पानिपतास एकच कारण नव्हतें, हें मी आजही म्हणेन. तथापि, १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं मराठ्यांचें सैन्य उपाशीं बाहेर पडलें, त्यामागें तुटलेली रसद होती. आणि पाठ्यपुस्तकांतील पांच ओळींपैकीं कोणती ओळ बाकीच्यांच्या मुळाशीं आहे, हें शोधावयास मीं मुलांना कधीं सांगितलेंच नाहीं. त्यानें तें आपणहून शोधलें होतें. मीं त्याला चार गुण कमी दिले.

त्यानंतर ती गाडी नऊ वर्षें माझ्यापाशीं होती. शुद्ध केलेलें पाणी आणि गंज रोखणारें कूलंट, यांपलीकडे तिनें फारसें कांहीं मागितलें नाहीं.

आतां काळ पालटला आहे. नव्या गाड्यांचा पंखा विजेवर चालतो. यंत्र मंद असलें तरी तो फिरतो. रेडिएटर पूर्वीं तांब्या-पितळेचा असे, आणि पुण्याच्या तांबट आळींतील कारागिरासही त्याची झाळ ओळखीची वाटली असती. आतां तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, टाकी प्लॅस्टिकची असते, आणि तिला डाग लागत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या गाळ्यांत आज नवे रेडिएटर खोक्यांतून येतात व जुने भंगारांत जातात. तो परवां म्हणाला, “गुरुजी, आतां आंत काय झालें तें कोणी उघडून बघत नाहीं.”

श्रोतेहो, आपली गाडी तापली तर तापलेलें झांकण उघडूं नका. वाफेनें हात भाजतो. ती निवूं द्या. परंतु तोच भाग दुसऱ्यांदा निकामी झाला, तर नवा भाग बसविण्यापूर्वीं तो कां गेला, हें अवश्य विचारा. आणि घरांतलें एखादें मूल पांच कारणांऐवजीं एकच सांगूं लागलें, तर त्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्या.