खोक्यांतील गाडी

इंग्लंडांत, जर्मनींत किंवा अमेरिकेंत आज पन्नाशीला आलेल्या एखाद्या गृहस्थाच्या घरीं माळ्यावर पुठ्ठ्याचें एक मोठें खोकें जपून ठेवलेलें आढळतें. खोक्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर रंगविलेलें मोटारीचें चित्र असतें, कोपऱ्यांत तांबड्या व निळ्या चौकटींतले दोन तारे असतात, आणि आंत हातभर लांबीची एक गाडी असते. ती बिनतारी लहरींच्या हुकुमानें धांवते. निदान एके काळीं धांवत असे. हा गृहस्थ ती विकावयास तयार नसतो, आणि मुलांच्या हातींही सहसा देत नाहीं. वरवर पाहतां हा पोरकटपणा वाटेल. परंतु या खेळण्याचा इतिहास पाहिला म्हणजे त्या जपणुकीमागें निराळेंच कारण असावें असें दिसूं लागतें.

तारेवांचून यंत्राला दुरून हुकूम देण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका सोडून ती दुरून फिरवून दाखविली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत या शोधाचें अमेरिकन पेटंट त्यांना मिळालें. पण नौकेंत जागा पुष्कळ असते. खेळण्यांतल्या मोटारींत ती नसते. संदेश ग्रहण करणारें यंत्र, चाकें वळविणारें यंत्र आणि त्या दोहोंस पुरेल एवढी बॅटरी वीतभर जागेंत बसवावयाची, तर ट्रान्झिस्टरची वाट पाहणें भाग होतें. १९६६ सालीं इटलींतील रेज्जो एमिलिया येथील एल्-जी कंपनीनें ‘फेरारी २५० एल्. एम्.’ या शर्यतीच्या गाडीची बाराव्या हिश्शाएवढी प्रतिकृति काढली. विक्रीस आलेल्या बिनतारी मोटारींत पहिलेपणाचा मान सामान्यतः तिला देतात.

हा छंद घरोघर नेला तो मात्र जपानांतील शिझुओका शहरच्या एका लांकूडवाल्याच्या कारखान्यानें. योशिओ तामिया यांनीं १९४६ सालीं तेथें लांकडाचा धंदा सुरू केला. लांकूड हाताशीं होतेंच. पुढच्याच वर्षीं त्यांतून जहाजांच्या व विमानांच्या प्रतिकृति होऊं लागल्या, आणि १९५३ मध्यें इमारती लांकडाची विक्री बंद करून कारखान्यानें सर्व लक्ष प्रतिकृतींकडे वळविलें. तोंच परदेशी प्लॅस्टिकच्या प्रतिकृति आल्या आणि लांकडास कोणी विचारीना. तेव्हां कारखान्यानेंही प्लॅस्टिकची कास धरली. त्यांची पहिली प्लॅस्टिकची प्रतिकृति ‘यामातो’ या युद्धनौकेची. प्रतिस्पर्ध्यानें तीच नौका स्वस्तांत विकल्यामुळें ती बुडाली. (युद्धनौकेच्या बाबतींत हा शब्द जरा क्रूर आहे, परंतु दोन्ही ‘यामातों’ना तो लागू पडतो.) पुढें योशिओ यांचे चिरंजीव शुन्साकु तामिया यांच्या कारकीर्दींत ‘पँथर’ रणगाड्यानें कारखान्यास हात दिला. तो मोटर लावून चाले, आणि त्याचें माप खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढें कां, तर आंत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून! बॅटऱ्यांच्या सोयीसाठीं धरलेलें तें माप पुढें रणगाड्यांच्या प्रतिकृतींत जगभर रूढ झालें.

वस्तु हुबेहूब असली पाहिजे आणि शिवाय ती चालली पाहिजे, हे दोन हट्ट १९७६ सालीं एकत्र आले. पोर्शेची प्रतिकृति करावयाची म्हणून कारखान्यानें खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून पाहिला. या खटाटोपांतून ‘पोर्शे ९३४’ निघाली, आणि तिचीच बिनतारी आवृत्ति ही तामियांची पहिली बिनतारी गाडी. ती गुळगुळीत जमिनीवर शोभे. तीन वर्षांनीं आलेली ‘सँड स्कॉर्चर’ मात्र वाळूंत आणि मातींत बिनदिक्कत शिरे. वाळवंटांत पळविण्याजोग्या केलेल्या फोक्सवॅगन ‘बीटल’चें तें लहान रूप. पुढच्या चाकांची रचना मूळ गाडीच्या धर्तीवर ओतीव धातूची, आणि पाणी लागूं नये म्हणून बिनतारी यंत्रें एका पारदर्शक बंद पेटींत ठेवलेलीं. १९८४ मध्यें साध्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ या दोन बहिणी आल्या. पहिलींत लहान मोटर, दुसरींत मोठी. हॉर्नेटचा मागचा भाग खडबडीत जमिनीवर उड्या मारी. हा तिचा उघड दोष, आणि आज तिच्या चाहत्यांना तिचें नेमकें तेंच आवडतें. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील असोसिएटेड कंपनीची सोनेरी ॲल्युमिनियमची ‘आर्‌सी-१०’ निघाली. ती शर्यत जिंकण्यासाठीं होती. या दोघी खेळण्यासाठीं होत्या.

आतां मुख्य गोष्ट. या गाड्या तयार मिळत नसत. खोकें उघडलें कीं पिशव्यांत भरलेले स्क्रू, दांत्यांचीं चाकें, ग्रीजची छोटी नळी आणि चित्रांची एक पुस्तिका एवढेंच निघे. हुकूम देणारें प्रेषकयंत्र, बॅटरी आणि ती भरावयाचें यंत्र हीं बहुधा निराळीं घ्यावीं लागत, आणि तो हिशेब दुकानांत कळला म्हणजे वडिलांचा चेहरा उतरे. ज्या भाग्यवान् मुलास हें सर्व मिळे त्याला गाडी स्वतः जोडावी लागे. पारदर्शक प्लॅस्टिकचें कवच कात्रीनें कापून आंतल्या बाजूनें रंगवावयाचें असे. म्हणून बारीक रेघा आधीं व मोठा रंग मागाहून, गडद आधीं व फिकट नंतर, असा उलटा क्रम संभाळावा लागे. मागच्या आंसावरचीं दांत्यांचीं चाकें बसवितांना, वळणावर बाहेरचें चाक अधिक कां फिरतें हें त्याच्या बोटांनाच उमगे. शाळेंत हाच धडा फळ्यावर काढून दाखवावा लागतो, आणि तरीही निम्म्या वर्गाला तो समजत नाहीं! वेग बदलणाऱ्या पट्टीशीं जोडलेला रोधक चांगलाच तापे. त्याला एकदां बोट लागलें कीं विजेची उष्णता होते हा सिद्धांत जन्मभर विसरावयास नको. एवढ्या खटपटीनंतर ७.२ व्होल्टची बॅटरी पुरे ती दहा-पंधरा मिनिटें, आणि साध्या यंत्रावर ती पुन्हां भरावयास रात्र जाई.

त्याहून मोठी अडचण लहरींची. अनेक देशांत या खेळण्यांसाठीं २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा चिंचोळा पट्टा मोकळा होता. त्यांतील सहा लहरी तपकिरी, तांबडी, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी अशा रंगांनीं ओळखीत. प्रत्येक लहरीची नखाएवढ्या स्फटिकांची जोडी असे: एक प्रेषकांत, एक गाडींत. दोघांचा रंग एकच निघाला तर एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकुमानें भिंतीवर आदळे. म्हणून मंडळांच्या मैदानावर एक फळी टांगून तिला प्रत्येक रंगाचा एकच चिमटा लावीत. चिमटा ज्याच्या हातीं त्यानेंच प्रेषक चालू करावा. दुसऱ्यानें, बॅटरी कांठोकांठ भरलेली असली तरी, निमूटपणें बसून राहावें. त्या बसण्यांतून स्फटिकांची अदलाबदल झाली, भांडणें झालीं आणि मैत्र्याही झाल्या.

पुढें पडद्यावरचे खेळ आले आणि गाड्या माळ्यावर गेल्या. पुष्कळ फेंकल्याही गेल्या. कांहीं वर्षांनीं तींच मुलें मिळवतीं झालीं. ज्यांना ती गाडी दुकानाच्या कांचेपलीकडूनच पाहावी लागली होती, ते आतां ती शोधीत निघाले, आणि न उघडलेल्या जुन्या खोक्यांच्या किंमती चढूं लागल्या. तामियांनीं २००४ मध्यें हॉर्नेट पुन्हां काढली, २००५ मध्यें ग्रासहॉपर, २०१० मध्यें सँड स्कॉर्चर. क्योशो कंपनीनें आपली १९८२ ची ‘स्कॉर्पियन’ २०१४ मध्यें. तेव्हां संग्राहकांत दोन तट पडले. नवी आवृत्ति म्हणजे नक्कल, तापणाऱ्या रोधकाच्या जागीं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसविलें तेथेंच जुनी गाडी संपली, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष नवी गाडी सरळ चिखलांत घालतो. यांत दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक पटतें. एक तर खोक्यांत ठेवल्यानें काळ थांबत नाहीं. रबरी टायर कडक होऊन तडकतात आणि चिकटचित्रें पिवळीं पडतात. दुसरें असें कीं, ज्या गाडीची आठवण येते ती कोरी नव्हतीच. ती खरचटलेली होती, तिचा एक स्क्रू गालिचांत हरवलेला होता, आणि तो स्क्रू कोठला हें जोडणाऱ्याला ठाऊक होतें.

शुन्साकु तामिया जुलै २०२५ मध्यें वयाच्या ९० व्या वर्षीं वारले. स्फटिक आणि चिमटे त्यापूर्वींच गेले होते, आतां २.४ गिगाहर्ट्झवरील यंत्रें आपली लहर आपणच शोधून घेतात आणि कोणाला बसून राहावें लागत नाहीं. लांब तारेचीही गरज उरलेली नाहीं. तरी पुन्हां निघालेली ग्रासहॉपर जोडतांना कित्येक जण मागच्या बाजूस प्लॅस्टिकची ती उंच नळी आवर्जून उभी करतात. तिच्यांत तार नसते. कोणी कोणी तिच्या टोंकाला लहानसें निशाणही बांधतात.