धाराशिव जिल्ह्यातील वास्तूंची छायाचित्रे : कॅमेरा आणि स्मार्टफोन यांचा तौलनिक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

छायाचित्र हे इतिहासाचे एक साधन आहे, हे आता सर्वमान्य आहे. परंतु ते कोणत्या यंत्राने घेतले, त्या यंत्राने समोरच्या वस्तूतील नेमके काय टिपले आणि पदरचे काय घातले, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. स्मार्टफोनमधील कॅमेरा स्वतंत्र कॅमेऱ्याच्या तोडीचा झाला आहे काय, हा प्रश्न एरवी खरेदीच्या वेळी विचारला जातो. प्राचीन वास्तूंच्या नोंदीच्या संदर्भात तो विचारला, तर त्याचे उत्तर निराळे येते. धाराशिव जिल्हा (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव उस्मानाबाद) या विचारासाठी अनुकूल आहे. धाराशिवची लेणी, तेरची विटांची मंदिरे आणि नळदुर्ग व परंडा येथील किल्ले यांच्यामुळे अंधार, झिजलेले अक्षर, वाहते पाणी अशा कॅमेऱ्याला अवघड जाणाऱ्या गोष्टी या एकाच जिल्ह्यात आढळतात.

रेखाटनाकडून छायाचित्राकडे

१८५३ च्या तहाने निजामाने नळदुर्गचा प्रदेश कंपनी सरकारच्या ताब्यात दिला व १८६० मध्ये तो परत निजामाकडे गेला. या मधल्या काळात नळदुर्गचा कारभार काही वर्षे कॅप्टन फिलिप मेडोज टेलर याच्याकडे होता. टेलर कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध असला, तरी तो हौशी चित्रकारही होता. पुढे १८६६ मध्ये लंडन येथे विजापूरच्या वास्तूंवर जो मोठा छायाचित्रग्रंथ निघाला, त्याचा ऐतिहासिक भाग टेलरने व वास्तुविषयक टिपणे जेम्स फर्ग्युसनने लिहिली. या ग्रंथाचे मुखपृष्ठच बोलके आहे. त्यातील काही छायाचित्रे कर्नल बिग्ज व मेजर लॉक यांनी प्रत्यक्ष स्थळी घेतलेली, तर काही कॅप्टन हार्ट, कमिंग व एतद्देशीय आरेखकांनी काढलेल्या चित्रांवरून घेतलेली आहेत, असा खुलासा तेथे केलेला आहे. वास्तूचे छायाचित्र कोणते आणि चित्राचे छायाचित्र कोणते, हा भेद प्रकाशकांनी लपविला नाही. नळदुर्गचा पाणीमहाल ज्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात उभा राहिला, त्याच राजघराण्याच्या राजधानीवरील हा ग्रंथ होय.

जेम्स बर्जेस याने पश्चिम भारत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १८७५-७६ च्या हंगामात बिदर व औरंगाबाद प्रदेशांतील पुरावशेषांची पाहणी केली. १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांचा समावेश आहे. त्या काळी प्रचलित असलेली ओल्या काचेची पद्धत लेण्यांच्या दृष्टीने फार गैरसोयीची होती. काचेवर रसायनाचा थर देऊन तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे आणि तेथल्या तेथे अंधाऱ्या तंबूत ते धुवावे लागे. मराठवाड्याच्या उन्हात हा अवधी आणखी कमी होत असणार. त्यात लेण्याच्या गर्भगृहात उजेड तो किती! मोजमापे, आराखडे व हाताने काढलेली चित्रे यांना त्या पिढीच्या अभ्यासकांनी एवढे महत्त्व दिले, यामागे हेही एक कारण असावे.

प्रश्न केवळ सुबक चित्राचा नव्हता. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, हा जुना वाद आहे. फर्ग्युसन व बर्जेस यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात त्यांना जैन लेण्यांत स्थान दिले. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या लेण्याची जी कथा येते, तिचा संबंध डॉ. हिरालाल जैन यांनी याच लेण्यांशी जोडला. उलट, दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याची रचना अजिंठ्याच्या विहारांशी जुळते, म्हणून ती मूळची बौद्ध असावीत, असेही अभ्यासकांनी मांडले आहे. अशा वादात मस्तकामागील सर्पफणा, आसनावरील चक्र, खांद्यावरील वस्त्राची पुसट कड यांसारखे बारीक तपशील निर्णायक ठरतात. चित्रात कड दिसते म्हणजे ती दगडात आहेच, याची खात्री ज्या यंत्राला देता येईल, तेच येथे उपयोगाचे.

हैदराबाद संस्थानाचा काळ

सहाव्या निजामाच्या दरबारात राजा दीनदयाळ यांनी छायाचित्रणाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती सुपरिचित आहे. वास्तूंच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना म्हणजे १९१४ मध्ये झालेली संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची स्थापना. या खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या अजिंठाविषयक ग्रंथमालेचा पहिला भाग १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यातील रंगीत प्रतिकृती ई. एल. व्हॅसे यांच्या छायाचित्रणावर आधारलेल्या होत्या व तसे ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद केले होते. त्यापूर्वी अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या प्रसिद्ध प्रतिकृती झाल्या, त्या चित्रकारांच्या हातच्या होत्या. हात कितीही कसलेला असला, तरी तुटलेली रेषा जोडण्याचा मोह त्याला होतो. छायाचित्राचा आधार घेण्यामागे हा मोह टाळण्याचा हेतू स्पष्ट दिसतो. आज हाच मोह यंत्राला जडला आहे, त्याचा विचार पुढे येईल.

फिल्मचा काळ व १९९३

स्वातंत्र्योत्तर काळात कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला, तो ‘आग्फा क्लिक थ्री’सारख्या स्वस्त यंत्रांच्या रूपाने. एका रोलवर बारा चित्रे निघत. या कॅमेऱ्याच्या फिल्मवरील चौकोन आजच्या महागड्या ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्याच्या संवेदकाच्या तिपटीहून मोठा होता. पण भिंग साधे असल्याने कडेचा भाग धूसर येई. केवळ आकारावर गुणवत्ता ठरत नाही, याचे हे जुने उदाहरण आहे. बाराच चित्रे असल्याने ती जपून काढली जात आणि ती प्रायः माणसांची असत. घरामागची बारव किंवा वेशीवरील वीरगळ यांच्यासाठी रोल खर्च करणे कोणाच्या ध्यानीही येत नसे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसरही उद्ध्वस्त झाला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली आणि पुनर्वसनात कित्येक गावे नव्या जागी वसली. या आपत्तीची चित्रे प्रामुख्याने बाहेरून आलेल्या वृत्तछायाचित्रकारांनी घेतली. त्यामुळे ती मुख्यतः ढिगाऱ्यांची आहेत. ढिगारा होण्यापूर्वीचे वाडे, त्यांच्या चौकटी, देवळ्या, माळवदाची छते यांची पद्धतशीर दृश्य नोंद कोणी केलेली नव्हती. कॅमेरा होता, परंतु तो गावकऱ्यांच्या हाती नव्हता. स्मार्टफोनचे मोल ठरविताना हा अभाव विसरून चालणार नाही.

गुणवत्तेचे माप

जपानमध्ये नोव्हेंबर २००० मध्ये शार्प कंपनीचा कॅमेरायुक्त मोबाईल आला, तेव्हा त्याच्या चित्रात सुमारे १ लाख १० हजार बिंदू होते. २०१२ मध्ये नोकियाने ४१ मेगापिक्सेलचा फोन आणला. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठविले गेले; २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली आली होती. बाजारापुरता निकाल लागला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मात्र मेगापिक्सेल हे प्रकाशाचे माप नव्हे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा संवेदक ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर क्षेत्राचा असतो. अनेक वर्षे फोनमध्ये सर्रास वापरला गेलेला संवेदक साधारण ५.६ × ४.२ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम २४ चौरस मिलिमीटरचा आहे. भिंगाचे छिद्र त्याच प्रमाणाचे आणि शटरचा वेळ तेवढाच धरल्यास, मोठ्या संवेदकावर ३५ पटींहून अधिक प्रकाश पडतो. अंधारात चित्रावर जी रवाळ खळखळ दिसते, ती त्यामुळे सुमारे सहा पटींनी कमी होते. अलीकडच्या काही फोनमध्ये ‘एक इंची’ म्हणविणारे संवेदक आले आहेत. तेथेही सात पटींच्या आसपास अंतर उरतेच.

ही उणीव फोन गणिताने भरून काढतो. बटण दाबल्यावर तो एक नव्हे, तर अनेक चित्रे घेतो, ती एकावर एक जुळवतो, अंधारे भाग उजळतो, खळखळ पुसतो व कडा ठळक करतो. गूगलने २०१८ मध्ये आणलेली रात्रीच्या छायाचित्रणाची सोय याच तत्त्वावर चालते. दगड स्थिर असतो, त्यामुळे लेण्यात हे गणित बऱ्याच अंशी यशस्वी होते. ट्रायपॉडवर ठेवलेला फोन धाराशिवच्या लेण्यातील स्तंभांचे जे चित्र देतो, ते पाहून बर्जेसला आपल्या सामग्रीची कीव आली असती. लहान संवेदकामुळे जवळचे व दूरचे खांब एकाच वेळी स्पष्ट येतात, हा आणखी एक लाभ.

नळदुर्गला मात्र हे गणित अडखळते. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या सांडव्यांतून पावसाळ्यात कोसळणारे ‘नर’ व ‘मादी’ हे धबधबे क्षणोक्षणी बदलत असतात. एकापाठोपाठ घेतलेल्या चित्रांत पाणी कधीच जुळत नाही. मग कोणत्या चित्रातील पाणी ठेवावे, हे फोन स्वतःच ठरवितो. पाण्याची धार धुक्यासारखी दिसावी की थेंब गोठलेले दिसावेत, याचा निर्णय स्वतंत्र कॅमेऱ्यात छायाचित्रकाराचा असतो. पर्यटकाला याने काही बिघडत नाही. बंधाऱ्याच्या दगडी बांधणीची पाण्याखालची झीज पाहणाऱ्याला बिघडते.

गणिती चित्र आणि पुरावा

२०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनमधील चंद्राच्या छायाचित्रांवरून मोठी चर्चा झाली. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला असता, मुळात नसलेले तपशील त्यात उमटले. चंद्र ओळखून त्याचे तपशील ठळक करणारी यंत्रणा फोनमध्ये आहे, असे स्पष्टीकरण कंपनीनेही दिले. चंद्राच्या बाबतीत हा कौतुकाचा किंवा करमणुकीचा विषय ठरतो. शिलालेखाच्या बाबतीत तो गंभीर आहे. झिजलेल्या अक्षराची कड यंत्राने ‘सुधारली’, तर वाचकापुढे येतो तो यंत्राने केलेला पाठ. वाचन चुकले, तर ते दुरुस्त करता येते. साधनच बदलले, तर दुरुस्ती कशावरून करायची? कॅमेऱ्यातील ‘रॉ’ फाईल ही सर्वस्वी निर्लेप नसली, तरी संवेदकाने टिपलेल्या आकड्यांच्या पुष्कळच जवळ असते. अनेक फोनमध्येही ही सोय आता मिळते. ती सुरू करून घेणे अगत्याचे आहे.

चित्र घेतल्यानंतरचा प्रवासही तितकाच महत्त्वाचा आहे. फोन वेळेबरोबर स्थानही आपोआप नोंदवितो; स्थानाची नोंद बहुतेक कॅमेरे स्वतःहून करीत नाहीत. या बाबतीत फोनच सरस होय. परंतु तेच चित्र व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठविले की त्याचा आकार घटतो आणि ही नोंदही गळून पडते. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे चित्र दहा गटांतून फिरून आले, की ते तेरचे की पाँपेईच्या तशाच प्रतिमेचे, हेही सांगता येऊ नये, अशी अवस्था संभवते. दस्तऐवज म्हणून पाठविल्यास मूळ फाईल शाबूत राहते.

नळदुर्गच्या बंधाऱ्यासंबंधीचा फारसी लेख किंवा जिल्ह्यातील कोणताही उठावाचा लेख टिपताना यंत्राच्या किमतीपेक्षा उजेडाची दिशा अधिक मोलाची ठरते. फोनचा फ्लॅश भिंगाला लागूनच असतो. त्याचा उजेड दगडावर सरळ पडतो, अक्षरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि लेख सपाट दिसतो. फ्लॅश बंद करून, सोबत्याने साधी विजेरी दगडाच्या कडेला जवळजवळ समांतर धरली, की पुसट अक्षरेही सावलीने उठून दिसतात. विजेरी डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून अशी फिरवून चार चित्रे घ्यावीत, एका चित्रात मोजपट्टी ठेवावी आणि चारही मूळ फाईली स्थळ व तारीख घालून ठेवाव्यात. विजापूरच्या ग्रंथाने १८६६ मध्ये पाळलेला भेद पाळून, फोनने उजळलेली प्रत त्यांच्याशेजारी वेगळ्या नावाने ठेवावी.