मशीन तेच, म्हणून घड्याळ तेच?

गेल्या महिन्यात भाच्याने एक वही माझ्यापुढे ठेवली. त्याला डायव्हिंगचं घड्याळ घ्यायचं होतं. मूळ स्विस घड्याळ खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून आपल्याकडे ज्यांना ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात त्या नकलांची यादी त्याने केली होती. प्रत्येकीपुढे रकाने होते: आतलं मशीन कोणतं, तासाला ठोके किती, माणकं किती, पूर्ण चावी भरल्यावर किती तास चालतं. खाली त्याचा निष्कर्ष होता, ‘२८,८०० ठोक्यांचं क्लोन मशीन असलं की मूळ घड्याळात आणि यात फरक फक्त नावाचा.’

हे मत त्याच्या एकट्याचं नाही, आणि ते झटकून टाकण्यासारखंही नाही. घड्याळाचा जीव मशीनमध्ये असतो, हे आपण किल्लीच्या घड्याळांपासून मानत आलो आहोत. शिवाय मशीनची नक्कल करणं हा गुन्हा नाही. स्वित्झर्लंडच्या एटा २८२४ या मशीनच्या पेटंटची मुदत संपली, तेव्हा सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीने त्याच आराखड्यावर एसडब्ल्यू २०० बनवलं आणि चीनच्या सीगलने एसटी २१३०. आज अनेक नामांकित घड्याळांत सेलिटाचं मशीन राजरोस बसतं. मग आराखडा एकच असताना भेद का करायचा, हा पूर्वपक्षाचा प्रश्न रास्त आहे. माझा आक्षेप मशीनच्या तुलनेला नाही. ही तुलना चुकीच्या गोष्टींची होते, आणि नकली घड्याळात तर ती करताच येत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी ठोके. तासाला २८,८०० म्हणजे सेकंदाला आठ, २१,६०० म्हणजे सहा. आठ ठोक्यांचा सेकंदकाटा डोळ्यांना अधिक सलग सरकताना दिसतो, आणि भाच्यासारख्यांना भुरळ पडते ती तिथेच. जलद झुलणाऱ्या बॅलन्स व्हीलवर मनगटाच्या हिसक्यांचा परिणाम कमी होतो, हेही खरं. पण त्याची किंमत मोजावी लागते. स्प्रिंग लवकर उतरते आणि घर्षण वाढतं. म्हणूनच एटानेच २८२४च्या पायावर पॉवरमॅटिक ८० घडवलं, तेव्हा ठोके २८,८०० वरून २१,६०० वर उतरवले आणि त्या बदल्यात ८० तासांची चाल मिळवली. हे मशीन टिसोच्या ३०० मीटर खोलीच्या सीस्टारमध्ये आहे. वहीतल्या हिशेबाने स्विस लोकांनी आपलंच मशीन बिघडवलं असं म्हणावं लागेल.

आता पाण्याखालचा हिशेब करून पाहू. जपानी एनएच ३५ या २१,६०० ठोक्यांच्या स्वस्त, सर्वत्र मिळणाऱ्या मशीनला कारखान्याने दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची सूट दिलेली आहे. अगदी वाईटातलं वाईट धरा, दिवसाला ४० सेकंद पुढे. तासाभराच्या डाइव्हमध्ये ही चूक पावणेदोन सेकंदांपेक्षा कमी भरते. स्विस क्रोनोमीटरच्या परीक्षेत दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात, म्हणजे तिथे तासाला फार तर पाव सेकंद. डायव्हर मिनिटं मोजतो, आणि या दोन मशीनमधला फरक त्याच्या श्वासाला कळतच नाही. माणकांचं तर विचारूच नये. अमेरिकेत एकेकाळी शंभर माणकांची घड्याळं विकली गेली. कामाची १७ होती, बाकीची नुसती रोटरच्या कडेला मांडलेली.

‘मशीन तेच’ हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. एटा २८२४चा नंबर एकच असला तरी ते चार प्रतींत निघत आलं आहे: स्टँडर्ड, एलाबोरे, टॉप आणि क्रोनोमीटर. वरच्या दोन प्रतींत बॅलन्स व्हीलचा मिश्रधातू वेगळा आणि हेअरस्प्रिंगही वेगळी. किती स्थितींत आणि किती बारकाईने चाल जुळवायची, तेही प्रत्येक प्रतीत निराळं. उघडून पाहिलं तर साध्या डोळ्यांना चारही जुळी भावंडं वाटतील. एकाच कारखान्यात एकाच नंबराखाली एवढं अंतर असेल, तर आपलं नावही न सांगणाऱ्या कारखान्यातून आलेल्या क्लोनबद्दल ‘तेच’ हा शब्द कुठल्या पुराव्यावर वापरायचा? आराखड्याची नक्कल होते. स्प्रिंगच्या धातूची, तेलाच्या थेंबाची आणि चाल जुळवणाऱ्या हाताची नक्कल आपोआप होत नाही. सीगल किंवा सेलिटा निदान आपल्या नावाने उभ्या आहेत, त्यांच्या मशीनला छापील विवरण आहे. नकली घड्याळातल्या मशीनवर मात्र बहुधा दुसऱ्याच कंपनीचा नंबर कोरलेला असतो. त्या वहीतल्या रकान्यात भाच्याने जे लिहिलं होतं, ते विकणाऱ्याचं म्हणणं होतं.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. डायव्हिंगचं घड्याळ डायव्हिंगचं होतं ते मशीनमुळे नाही. १९५३ साली ब्लाँपेंचं फिफ्टी फॅदम्स आलं. कंपनीचा प्रमुख झाँ-झाक फिश्तेर स्वतः डायव्हर होता, आणि फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांच्या तुकडीने ते घड्याळ स्वीकारलं. या पूजनीय घड्याळात ए. शील्ड या कंपनीकडून आणलेलं, तासाला १८,००० ठोक्यांचं मशीन होतं. फिश्तेरने पेटंट घेतली ती चावीच्या दुहेरी सीलची, मागच्या झाकणाच्या बंदोबस्ताची आणि बेझलची. चावी चुकून ओढली गेली तरी आतलं दुसरं सील पाणी अडवेल, ही त्यातली कल्पना. सगळी बुद्धी खर्ची पडली ती पाणी जिथून शिरतं तिथे.

सेइकोची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६८ साली या कंपनीने ३६,००० ठोक्यांचं, ३०० मीटरचं डायव्हिंग घड्याळ काढलं. ठोक्यांच्या हिशेबाने ही कळसाची गोष्ट. त्याच वर्षी हिरोशिमा प्रांतातल्या एका व्यावसायिक डायव्हरचं पत्र कंपनीला आलं. दिवसेंदिवस दाबाखालच्या कोठडीत राहून खोल समुद्रात काम करताना घड्याळं टिकत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. त्या कोठडीतला हेलियम वायू इतका सूक्ष्म की तो घड्याळात शिरतो, आणि वर येताना बाहेर पडायला वाट न मिळाल्याने काच उडवतो. उत्तर द्यायला सेइकोला सात वर्षं लागली. १९७५ साली आलेल्या ६०० मीटरच्या घड्याळात उत्तर होतं ते एकसंध टायटॅनियम केस आणि इंग्रजी ‘एल’ आकाराचं गॅस्केट, ज्यातून हेलियम आतच शिरू नये. पुढे १९७८ साली जवळपास त्याच कवचात क्वार्ट्झ मशीन बसलं. ठोके गेले, स्प्रिंग गेली, बॅटरी आली, आणि डायव्हरांनी ते घड्याळ तितक्याच विश्वासाने वापरलं. कवच मात्र कुणी बदललं नाही.

मग मशीनला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण वहीत नसलेल्या रकान्यात. डायव्हिंगच्या घड्याळाची चावी बहुधा स्क्रूसारखी आवळलेली असते. ती जितक्या वेळा उघडाल तितकी आट्यांची आणि रबराची झीज होते. फिश्तेरला ऑटोमॅटिक मशीन हवं होतं ते यासाठीच: मनगटावर हलताना घड्याळ आपलं आपण भरावं, रोज चावीला हात लावायला लागू नये. म्हणून डायव्हिंगच्या मशीनला विचारायचा पहिला प्रश्न असा की ते हातावर किती सहज भरतं. इथे एनएच ३५ मधली सेइकोची ‘मॅजिक लिव्हर’, १९५९ सालची साधी आणि मजबूत युक्ती, रोटर कुठल्याही बाजूला फिरो, स्प्रिंग भरते. दुसरा प्रश्न, ते दुरुस्त कोण करील आणि सुटे भाग कुठे मिळतील. या दोन प्रश्नांवर हे स्वस्त जपानी मशीन मला बेनामी ‘२८,८००’पेक्षा कितीतरी वरचं वाटतं. तेच मशीन स्वतःच्या नावाने, जुन्या घडणीची आठवण ठेवून बनवलेल्या घड्याळांतही मिळतं. ती नक्कल नव्हे. त्या तबकडीवर बनवणाऱ्याचं खरं नाव असतं.

नकली घड्याळाच्या तबकडीवर दुसऱ्याचं नाव असतं, आणि १९९९च्या ट्रेड मार्क कायद्याप्रमाणे असं खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. मला मात्र त्या नावापेक्षा खालचा आकडा अधिक गंभीर वाटतो. आयएसओ ६४२५ या मानकाप्रमाणे डायव्हिंगच्या घड्याळाचा एकेक नग लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावा लागतो. नमुन्यादाखल एखादा तपासून भागत नाही. ‘३०० मीटर’ ही कुणीतरी दिलेली साक्ष आहे. मूळ कारखान्याने दुसऱ्याच घड्याळाबद्दल दिलेली ती साक्ष नकलेवर जशीच्या तशी छापली जाते, आणि तारकर्लीला स्कूबा शिकायला निघालेला एखादा मुलगा तिच्यावर विश्वास ठेवून समुद्रात उतरतो.

भाच्याच्या एका मित्राकडे असं घड्याळ होतं. पावसाळ्यात त्याच्या काचेच्या आत वाफ धरली, म्हणून आम्ही तिघं ते घेऊन पुण्यातल्या आमच्या जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं, मशीन पाहिलं आणि ‘चालतंय चांगलं’ म्हणाले. मग चावी काढून आतलं रबर चिमट्यात धरलं. ते एका बाजूला चपटं झालेलं होतं. त्यांनी गॅस्केटांची पत्र्याची डबी पुढे ओढली आणि मापं घ्यायला सुरुवात केली. अर्धा तास गेला. डबीतल्या एकाही मापाचं रबर त्या खाचेत बसेना.