हाडातला इम्प्लांट: पृष्ठभाग खडबडीत हवा की गुळगुळीत?

१९५२ च्या सुमारास स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते निघेचना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. या जोडणीला पुढे 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव मिळाले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले.

ते स्क्रू लेथवर कापलेले, बरेचसे गुळगुळीत होते. गिलावा धरावा म्हणून गवंडी गुळगुळीत काँक्रीट छिन्नीने टोचून घेतो, तसेच हाडाचेही आहे. धातूवर बारीक कणांचा मारा करून तो आम्लात बुडवला की सूक्ष्म खड्डे पडतात. त्यांत रक्ताची गुठळी अडकून राहते आणि तिच्या तंतूंवरून हाड बनवणाऱ्या पेशी धातूपर्यंत पोहोचतात. साधारण १ ते २ मायक्रॉनचा खडबडीतपणा हाडाला सर्वांत मानवतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यामुळे पूर्वी दात बसवण्याआधी तीन ते सहा महिने थांबावे लागे, तिथे आता अनेकदा सहा ते आठ आठवडे पुरतात.

अडचण अशी की स्टॅफिलोकोकस जिवाणूही साधारण एक मायक्रॉनचाच असतो. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला 'पृष्ठभागासाठीची शर्यत' म्हटले: आधी शरीराच्या पेशी पोहोचल्या तर इम्प्लांट रुजतो, जिवाणू पोहोचले तर ते चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, बांधतात. त्याच्या आत अँटिबायोटिक फारसे चालत नाही आणि अनेकदा इम्प्लांटच काढावा लागतो. चिखलदऱ्याच्या रुग्णाला अशा उपचारासाठी घाट उतरून अमरावतीसारखे शहर गाठावे लागते. दुसरी शस्त्रक्रिया त्याला किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून जागा पाहून पोत ठरवतात. दाताच्या इम्प्लांटचा हाडातला भाग खडबडीत ठेवतात, तर तोंडात उघडा राहणारा भाग गुळगुळीत करतात. मात्र ०.२ मायक्रॉनपेक्षा अधिक गुळगुळीत करून जिवाणू आणखी कमी होत नाहीत. पुढे काढायची असलेली फ्रॅक्चरची पट्टी हाडाला फार चिकटूनही चालत नाही.

तिसरा मार्ग चतुराच्या पंखांनी दाखवला. त्यांवरील अतिसूक्ष्म सुळक्यांवर जिवाणू फाटून मरतात. २०१३ मध्ये 'ब्लॅक सिलिकॉन'वरही हेच दिसले. टायटॅनियमवर असे सुळके प्रयोगशाळेत उगवता येतात. पण मेलेल्या जिवाणूंचा थर आणि रक्तातली प्रथिने त्यांवर साचली की पुढे ते किती काम करतील, हा प्रश्न शिल्लक आहे.