फॅक्टरी म्हणजे वखार

कोडमध्ये मी रोज ‘फॅक्टरी’ लिहितो. मागाल तसा ऑब्जेक्ट बनवून देणारं ते फंक्शन. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीने १६१३ साली सुरतेत ‘फॅक्टरी’ काढली असं इंग्रजी पुस्तकात वाचलं, तेव्हा डोळ्यांसमोर आधी धुराडं आलं. पण तिथे बनत काहीच नव्हतं.

लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्यावरून फॅक्टर म्हणजे करणारा; व्यापारात दुसऱ्याच्या वतीने करणारा, आपल्याकडचा गुमास्ता. (गणितात तोच अवयव होतो, १२चे ३ आणि ४.) हे फॅक्टर जिथे राहत, हिशेब लिहीत, माल साठवत ती फॅक्टरी. वस्तू बनवण्याची जागा हा अर्थही जुनाच, पण यंत्रं आल्यावर तो इतका पसरला की पहिला अर्थ त्याखाली दडपला गेला. आपला ‘कारखाना’ तरी कुठे सरळ आहे? शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत पीलखाना, म्हणजे हत्तींची जागाही होती.

मराठीने मात्र इंग्रजांच्या फॅक्टरीला नेमका शब्द दिला: वखार. आज वखार म्हटलं की लाकडाचे ओंडके आठवतात, तो भाग वेगळा.

तरी नुसती वखारही ती नव्हतीच. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन तिथे गेला आणि इंग्रजी निशाण फडकवून गडावर मारा केला. हा कसला गुमास्ता? पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर छापा घातला, वखार लुटली आणि त्याला साथीदारांसह कैद केलं. इंग्रजांनी भरपाईचा तगादा सोडला नाही. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हाही बोलण्यात राजापूर होतंच.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, टोपीकरांबद्दल स्वतंत्र सावधगिरी आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे राजे आहेत. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. आत, सखल ठिकाणी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

मद्रासला इंग्रजांची वखार तोवर सत्तर वर्षांहून अधिक काळ सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तटाआड होती.