चाळीस बिटांची किल्ली

पुसेगाव किंवा खरसुंडीच्या यात्रेत बैलांचा सौदा पाहिला असेल, तर रुमालाखालची बोटे तुमच्या परिचयाची असतील. भोवती गर्दी असते, भाव मात्र दोघांनाच कळतो. संगणकांच्या जाळ्यावर हे काम कूटलेखन करते. आपला परवलीचा शब्द बँकेपर्यंत जाताना वाटेत कोणाला वाचता येऊ नये, एवढीच अपेक्षा. पण १९९०च्या दशकात हा रुमाल किती जाड असावा, हे अमेरिकेचे निर्यातीचे नियम ठरवत होते.

तेथे कूटलेखनाच्या आज्ञावलींची गणना युद्धसामग्रीत होई. म्हणून नेटस्केपच्या ब्राउझरच्या दोन आवृत्त्या निघाल्या : देशात १२८ बिटांची गुप्त किल्ली, परदेशासाठी ४० बिटांची. गंमत अशी, की परदेशी आवृत्तीतही किल्ली १२८ बिटांचीच होती. त्यांतले ८८ बिट उघडपणे पाठवले जात. कुलूप भक्कम, पण किल्लीचे बहुतेक दाते दारावरच काढून ठेवलेले!

४० बिट म्हणजे २ चा ४० वा घात, सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. संगणकाला ही संख्या फार मोठी नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये दामिएँ दोलिजेझ यांनी सव्वाशेच्या आसपास संगणक कामाला लावून अशी एक किल्ली आठ दिवसांत शोधली.

विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्यावे. ४० बिटांची किल्ली एका सेकंदात शोधणारे यंत्र १२८ बिटांसाठी किती वेळ घेईल? २ चा ८८ वा घात इतके सेकंद. म्हणजे विश्वाच्या वयाच्या सुमारे ७० कोटी पट.

घोळ आपल्याकडेही होता. इंटरनेट सेवेच्या परवान्यात, परवानगीशिवाय वापरण्याची मर्यादा ४० बिटांचीच लिहिली गेली. उलट रिझर्व्ह बँकेने मुंबईहून १४ जून २००१ रोजी काढलेल्या परिपत्रकात इंटरनेटवरून व्यवहार करणाऱ्या बँकांना किमान १२८ बिट सांगितले. अमेरिकेने जानेवारी २००० मध्ये नियम सैल केल्यामुळे तशी आज्ञावली मिळणेही सोपे झाले होते. साताऱ्यातल्या शिक्षकाला सांगलीच्या शाखेतले खाते घरून पाहायचे असेल, तर बँकेने दूरसंचार खात्याचे ऐकावे की रिझर्व्ह बँकेचे? बँका १२८ बिटांकडे वळल्या, आणि माझ्या मते योग्यच झाले.

जुनी सोय मात्र आज्ञावलींतून कोणी काढली नाही. २०१५ मध्ये संशोधकांना आढळले, की अनेक संकेतस्थळे निर्यातीसाठीच्या कमजोर किल्ल्या अजून स्वीकारत होती, आणि वाटेत बसलेल्याला दोन्ही टोकांना फसवून त्यांच्यावर आणता येत होते.