चित्रपटाच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा

इंग्रजी चित्रपट पाहून आलेल्या मनुष्यास त्याविषयी इंग्रजीतच चार वाक्ये बोलण्याची हौस वाटावी, यात नवल नाही. शब्दांचा तोटा त्याला नसतोच. हिरो, स्टोरी, डायरेक्टर, शूटिंग, इंटर्व्हल हे शब्द आमच्याकडे आजीबाईंच्याही तोंडी रुळलेले आहेत. अडचण येते ती निराळीच. कोश उघडावा, तर फिल्म म्हणजे चित्रपट, मूव्ही म्हणजे चित्रपट आणि सिनेमा म्हणजेही चित्रपट! मग यांपैकी कोणता शब्द कोठे योजावा? न्यूयॉर्कच्या गृहस्थाला जो शब्द अगदी घरगुती वाटतो, तो लंडनच्या गृहस्थाला थोडा उथळ का वाटावा? याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. हे शब्द पंडितांनी सभा भरवून ठरविलेले नव्हेत. कारागीर, खेळवाले, तिकिटे विकणारे आणि पाच सेंट देऊन आत शिरणारा प्रेक्षक यांनी ते घडविले आहेत.

आरंभी मात्र नामकरणाचा मान ग्रीक भाषेकडे होता. एडिसनने आपल्या यंत्राला किनेटोस्कोप म्हटले. १८९४ च्या एप्रिलमध्ये ही यंत्रे न्यूयॉर्कमध्ये लोकांसाठी मांडली गेली. त्यांत एका वेळी एकाच मनुष्याने डोकावून पाहावयाचे. पुढे २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँ काफेत ल्युमिएर बंधूंनी सिनेमॅटोग्राफचा खेळ पैसे घेऊन केला. गतीचे लेखन, असा या नावाचा ग्रीक अर्थ. ७ जुलै १८९६ रोजी तो खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलात झाला, तेव्हा हे लांबलचक नावही त्याच्याबरोबर येऊन पोहोचले. १९१३ साली गिरगावातील ज्या गृहात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याचे नावच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ असे होते. युरोपात या नावाचे शेपूट लवकरच तुटले आणि मागे ‘सिनेमा’ उरला. इंग्लंडात तो शब्द मुख्यतः इमारतीस किंवा एकंदर कलेस लावतात. ‘काल एक सिनेमा पाहिला’ हे आपले वाक्य तसेच्या तसे इंग्रजीत उतरविले, तर ऐकणाऱ्यास आपण एखादी वास्तू पाहून आलो असे वाटावयाचे!

‘फिल्म’ हा शब्द याहून पुष्कळच जुना. पातळ त्वचा, पापुद्रा असा त्याचा मूळ अर्थ. दुधावर धरणाऱ्या पातळ सायीसही तो चालेल. छायाचित्रकार काचेवर जो रासायनिक लेप देत, त्यास फिल्म म्हणू लागले. १८८९ मध्ये ईस्टमनने सेल्युलॉइडची गुंडाळी बाजारात आणल्यावर नाव पट्टीस चिकटले, आणि अखेरीस पट्टीवरील गोष्टीस. आमच्या ‘चित्रपट’ शब्दाची वाट फारशी वेगळी नाही. पट म्हणजे वस्त्र, आणि संस्कृतात चित्रपट म्हणजे चित्र रंगविलेले वस्त्र. हा शब्द पुष्कळ पुढे कोणीतरी नवा घडविला, असे ऐकिवात येते. परंतु फाळक्यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात जी लेखमाला लिहिली, तिचा मथळाच ‘भारतीय चित्रपट’ असा होता.

आता ‘मूव्ही’. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी १९०५ साली एक खेळघर उघडले. प्रवेशमूल्य पाच सेंटचे एक निकल नाणे, आणि नाव निकलोडियन. नाण्याच्या नावाला ग्रीक संगीतगृहाचे शेपूट लावून हा जोडशब्द केलेला. पाहता पाहता अशी खेळघरे गावोगाव झाली. तेथे येणारा मजूर, नुकताच बोटीतून उतरलेला परदेशी, शाळकरी पोर, यांच्या जिभेला सिनेमॅटोग्राफ कोठून पेलणार? हलत्या चित्रांना इंग्रजीत जे दोन शब्द लागतात, त्यांतला पहिला त्यांनी अर्धा तोडला आणि लाडके प्रत्यय लावून ‘मूव्ही’ केला. आपण सदाशिवाचा सदू करतो, तसा. धंद्यातील प्रतिष्ठितांस हे फार लागले. शिकागोच्या एसाने कंपनीने १९१० साली चांगले नाव सुचविण्याची स्पर्धा लावून बक्षीस दिले. निवड झाली ती ‘फोटोप्ले’ या शब्दाची. शब्द सुबक होता, अर्थवाही होता. त्या नावाचे एक मासिकही १९११ साली निघाले आणि पुष्कळ वर्षे चालले. परंतु लोकांनी तो बोलण्यात घेतला नाही तो नाहीच. आज अमेरिकेत थोरामोठ्यांच्या तोंडीही मूव्ही आहे, आणि फिल्म म्हटले की कलेच्या दृष्टीने गंभीर काहीतरी, असा भेद तेथे सूचित होतो. तेव्हा हाणामारीच्या चित्रास फिल्म आणि सत्यजित राय यांच्या कृतीस मूव्ही म्हणणे व्याकरणाने चूक नसले, तरी कानाला खटकते.

पडद्यामागील शब्दांत तर शिकारीचा वास भरून राहिला आहे. नेम न धरता झटकन झाडलेल्या गोळीस इंग्रज शिकारी स्नॅपशॉट म्हणत. १८६० साली हर्शेल या शास्त्रज्ञाने तो शब्द छायाचित्रास लावला. १८८२ मध्ये मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठी खरोखरीच बंदुकीच्या आकाराचे यंत्र बनविले. चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रे निघत. शॉट, शूट हे शब्द या घराण्यातले. आमच्या ‘चित्रीकरण’ शब्दात ही बंदूक नाही. तो अहिंसक आहे. कॅमेऱ्याची गंमत याहून मोठी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोली. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून बाहेरचे दृश्य भिंतीवर उमटते, त्या खोलीचे नाव पुढे पेटीला मिळाले. त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे ‘कमरा’ आला. दोघे भाऊ निरनिराळ्या वाटांनी हिंदुस्थानात आले, आणि एकमेकांस ओळखत नाहीत!

क्लोज-अप हा शब्द आज शाळकरी मुलेही वापरतात. १९१३ च्या डिसेंबरात दिग्दर्शक ग्रिफिथ याने न्यूयॉर्कच्या एका नाट्यविषयक पत्रात जाहिरात देऊन क्लोज-अप, फेड-आउट, स्विचबॅक इत्यादी क्लृप्त्यांचे जनकत्व आपल्याकडे घेतले. हा दावा अतिशयोक्तीचा होता, इंग्लंडात जी. ए. स्मिथने १९०० सालीच भिंगातून दिसणाऱ्या मोठ्या आकृती पडद्यावर आणल्या होत्या. मला मौज वाटते ती अशी की, त्या यादीतील स्विचबॅक हा शब्द चित्रपटाच्या बोलीतून पार नाहीसा झाला आणि फ्लॅशबॅक मात्र टिकला.

१९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ बोलला, आणि मूव्हीच्या धर्तीवर आधीच घडलेला ‘टॉकी’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. तोवर मुक्या चित्रांस कोणी मुद्दाम मुके म्हणत नसे. सगळेच मुके, तेथे विशेषण कशाला? पुढे सगळेच बोलू लागले, तेव्हा टॉकी हा शब्दही अमेरिकेत निरुपयोगी होऊन मावळला. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपट व मूकपट ही जोडी झाली, आणि टॉकीज हा शब्द चित्रगृहाच्या नावात जाऊन बसला, तो कायमचा. साहेबापुढे या अर्थाने तो वापरू नये; त्याला उमगणार नाही.

डायरेक्टर आणि प्रोड्यूसर या जोडीतही एक खाच आहे. इंग्लंडच्या रंगभूमीवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाटक बसविणाऱ्यास प्रोड्यूसर म्हणत. जुनी इंग्रजी परीक्षणे वाचताना तेथे निर्माता असा अर्थ घेतला, तर सगळे परीक्षण उलटे समजते. आमच्याकडे दिशा दाखविणारा तो दिग्दर्शक. या शब्दाचे श्रेय बहुधा सावरकरांस दिले जाते.

परीक्षणाचे शब्द इंग्रजीने फ्रेंचांकडून उसने आणले. मोंताज म्हणजे यंत्राचे सुटे भाग जुळविणे; रशियातील आयझेन्स्टाइन प्रभृतींनी १९२० नंतरच्या दशकात त्यास तत्त्वज्ञानाचा दर्जा दिला. फिल्म न्वार हे नाव १९४६ साली फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकन गुन्हेकथांस दिले. ती चित्रे काढणाऱ्यांस ते ठाऊकही नव्हते. त्रुफोने १९५४ साली लेख लिहून दिग्दर्शकास ओतर, म्हणजे लेखक ठरविले. हे शब्द जपून वापरावेत. पहिल्याच भेटीत मोंताज काढणारा मनुष्य चित्रपट पाहून आला आहे की पुस्तक, अशी शंका येते.

अलीकडचा ब्लॉकबस्टर घ्या. १९४२ च्या सुमारास युद्धात घरांची अख्खी रांग उडविणाऱ्या बाँबचे हे नाव. लवकरच जाहिरातदारांनी ते चित्रपटास लावले, आणि आज तो केवळ गल्ल्याचा शब्द झाला आहे. ट्रेलर, म्हणजे मागून येणारा, हा मूळचा मुख्य चित्र संपल्यावर दाखवीत. प्रेक्षक उठून जाऊ लागले म्हणून तो आधी आला, पण नाव बदलले नाही. आणि फुटेज म्हणजे फुटांत मोजलेली पट्टीची लांबी. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट भरत असे, आजच्या यंत्रात मोजावयास पट्टीच नाही, तरी छायालेखक दिवसाअखेर विचारतो, फुटेज किती झाले?